दुसरं पान

—नाही नाही दादा, तिथे नको, शेगडीच्या इतक्या जवळ नको — म्हणजे बसवा हो, तुम्हाला जिथे सांगितलंय तिथेच बसवा, मी कोण सांगणारी — पण ते बटण दाबून मला काय दाखवता? वाजलं, ऐकलं मी, आत पडलेल्या बाबांनीही ऐकलं असेल. त्या बटणाने नुसता भोंगा वाजतो. उद्या खरंच गॅस गळला तर यंत्राला कळेल की नाही, ते त्यावरून समजत नाही. कशावरून म्हणजे? माहीत आहे म्हणून सांगते. तुम्हाला नव्हतं ना सांगितलं कोणी? कोणालाच नाही सांगितलं.

मी सरकारात आहे. छे, शास्त्रज्ञ कसली! शास्त्रज्ञ शंभर पानं लिहितात, मंत्र्यांना एका पानापुढे वेळ नसतो — त्यांच्या मधली मी. विज्ञान-तंत्रज्ञान धोरण विश्लेषक, असं दारावर लिहिलंय; बाबा म्हणतात, नाव एवढं मोठं आणि काम काय, तर गाळण्याचं! हसा, मीही हसायचे. तर हे यंत्र घरोघरी सक्तीचं करायचं का, ते टिपण माझ्याकडे आलं. प्रयोगशाळेत यंत्र उत्तम. पण साठ घरांतही लावून पाहिलं होतं — खऱ्या स्वयंपाकघरांत, जिथे तळण होतं, वाफ कोंडते — आणि आठ महिन्यांनी त्यातली चौदा यंत्रं ठार बहिरी. हिरवा दिवा चालू, बटण दाबलं की भोंगा चालू, आणि गॅस सोडला की ढिम्म! हे मी लिहिलं होतं, शपथेवर सांगते, लिहिलं होतं. पण टिपण दुसऱ्या पानावर गेलं. सचिव म्हणाले, 'मॅडम, एक पान.' मग मी काय काढणार? तेवढ्या चार ओळी उचलल्या आणि परिशिष्टात टाकल्या. परिशिष्ट कोणी वाचत नाही, मला ठाऊक होतं — हो, होतं ठाऊक, आता तुमच्यापाशी काय खोटं बोलू. मंत्र्यांची सही झाली, सचिवांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. छान वाटलं हो मला त्या दिवशी. येताना बाबांना नव्या चपला घेतल्या.

आणि आज सकाळचा पेपर. वाचलात? नवराबायको, दोघंही गेली, गॅस गळून. यंत्र भिंतीवर, दिवा हिरवा. बसवून किती दिवस झाले होते? नऊ महिने. ऑफिसला गेलेच नाही मी. अकरा वाजता सचिवांचा फोन — आवाज इतका गोड, एरवी कधी नसतो तसा — 'ते परिशिष्ट तुमच्याकडेच असेल ना? उद्या घेऊन या, फाईल नीट लावायची आहे.' सहीशिक्क्याची ती एकच प्रत, दादा, मी तेव्हाच घरी आणून ठेवली होती, का आणली कोण जाणे. उद्या दिली तर ती नाहीशी होणार आणि पहिल्या पानाखाली माझं एकटीचं नाव राहणार. नाही दिली तर — मला तर काही सुचतच नाही. त्यात बाबांना मागे ताप आला तेव्हापासून कसलाच वास येत नाही, दूध करपलं तरी कळत नाही हो त्यांना.

काय? तुमच्या घरी? सगळ्यात पहिलं तुमच्याच घरी बसवलंत? कधी? अहो, असे बघू नका माझ्याकडे. दहा महिने झाले म्हणजे काही लगेच — साठातली चौदाच ना, उरलेली सेहेचाळीस चांगली होती की! आणि अशी किती घरं केलीत तुम्ही आत्तापर्यंत? नको, नका सांगू.

नाही, तो कागद नाही मिळणार. फोटोही नाही. कुठला कागद? मी कुठे म्हटलं कागद आहे म्हणून? सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, काहीतरी बरळले झालं. द्या ती पावती इकडे. 'यंत्र चालू स्थितीत मिळाले' — घ्या, केली सही. निघा आता. निघा म्हटलं ना!

बाबा, जागे आहात? खिडक्या उघडा त्या. सगळ्या. गारठा येऊ दे आत.