पाटा धुऊन टाका, मिस्तरी

धुऊन टाका म्हणतोय मी, मिस्तरी, त्यात हसण्यासारखं काय हाय? — नवे असू द्या, कंपनीच्या कागदात गुंडाळलेले असू द्या, पण गाडीखाली स्प्रिंगचा पाटा चढवायच्या आधी त्याच्यावर पाणी पडलं पाहिजे, बास. गंज धरतो? धरू द्या. ग्रीस लावायचं तर नंतर लावा, पोटभर लावा, मी कुठं नको म्हणलो. पण आधी धुवायचा. आमच्या आईचा निरोपच तसा हाय — पाटा धुऊन टाक म्हणाव. आता ती म्हातारी बाई, जन्मात गाडीखाली वाकून बघितलं नाय तिनं, पण बोलली ना, मग त्यात काहीतरी असणार. तुम्ही इथं द्वारकेच्या चौकात एवढी वर्षं पाटे ठोकताय, पण धुवायचं कधी सुचलं नसंल तुम्हाला. नसंल तर नसंल. आज सुरुवात करा.

गाडी नवीच हाय, हो. बोनेटवरचा हार अजून वाळला नाय. मग तिला उंच कशाला करायची — रास्त हाय तुमचं विचारणं. आता सायखेड्याकडचा रस्ता बघितला का तुम्ही? आमच्या वस्तीवरनं द्राक्षाचे क्रेट भरून पिंपळगावला निघालं की बाजारात पोचेस्तोवर अर्ध्याचा रस होतो — म्हणून उंच करायची. काय? उंच केल्यावर जास्त आदळती? ते मला बी कळतं. मग असं धरा की आमच्याकडं कालव्याचं पाणी रस्त्यावर येतं, इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून. आता उन्हाळ्यात कुठलं आलं पाणी, ते खरं. बरं, राहू द्या ना कारण. न्हाव्याकडं गेल्यावर तो विचारतो का, केस कशाला कापता म्हणून? खुर्चीवर बसवतो आणि कापतो. तसं करा.

किती उंच, ते मी मोजूनच आणलंय. ही सुतळी. ही खालची गाठ म्हणजे माझा डोळा — सीटवर नीट टेकून बसलो की डोळा येतो तिथं. आणि ही वरची गाठ म्हणजे — म्हणजे जिथं डोळा पोचला पाहिजे ती जागा. मधलं अंतर तेवढं वाढवून पाहिजे. नाय नाय, चाकापासून नाय मोजलं, जमिनीपासून नाय मोजलं, डोळ्यापासून मोजलंय. तुम्ही असे बघू नका माझ्याकडं. ज्यांना गाडी उंच करायची असती ते चाकापासून मोजतात, मला मीच उंच व्हायचंय, मग मी कुठनं मोजणार?

सीटवर उशी टाकून झाली. तुम्ही सांगायच्या आधीच झाली. दोन उश्या टाकल्या तर डोकं टपाला लागतं आणि मान वाकडी होती, मग डोळा परत खालीच. आमच्या शेखरनं, पोरानं, बघितलं आणि विचारलं, दादा, मूळव्याध झाली का. म्हणलं, हो, झाली. सगळ्या वस्तीत झालं मला मूळव्याध हाय म्हणून, कुणी औषधाचा पाला आणून देतं, तो पण खाल्ला मी.

हां, तुमचे प्रकार सांगा परत. एक तर पाट्याला ताव देऊन कमान वाढवायची — पण ती माल भरल्यावर परत बसती म्हणता. मग नको. दुसरं, पाट्याखाली लोखंडी ठोकळा टाकायचा — मजबूत हाय, स्वस्तात हाय, पण ठोकळा नको. का म्हणजे? आई ठोकळा म्हणाली नाय. पाटा म्हणाली. तर तिसरंच करा, आहे त्या पाट्यांत एक पाटा वाढवा. गाडी कडक होईल, होऊ द्या, माझं अंग काय लोण्याचं नाय. फक्त एक करा — उजवीकडनंच वाढवा. फक्त माझ्या बाजूनं. डावीकडं आहे तशी राहू द्या.

कलंल की. मला बी दिसतंय कलंल. क्रेट डावीकडं घसरतील, टायर एका बाजूनं झिजतील, स्टेअरिंग ओढंल, सगळं मान्य. पण भिंत उजव्या हाताला हाय ना, मग डावीकडं उंच करून मला काय —

कोणती भिंत? भिंत म्हणलो का मी?

तोंडातनं गेलं. जाऊ द्या, आता ऐका. घरनं निघालं की भिंत लागती उजव्या हाताला, म्हणजे माझ्या बाजूला. पण परत येताना ती येती डावीकडं, तिकडनं काय दिसणार, डोंबल? म्हणून मी येताना रिव्हर्समधी येतो. हसा, हसा. पुलापाशी गाडी वळवायची आणि तिथनं घरापर्यंत मागं मान टाकून उलटी. वस्तीवर सगळे म्हणतात, नव्या गाडीचे पुढचे गिअर गेले, फसवलं याला. एक जण तर शोरूमवाल्याशी भांडायला निघाला होता माझ्या वतीनं, त्याला पाय धरून थांबवला. आणि माल बी मी भिंतीच्या पुढं जाऊन भरतो, कारण भरलेली गाडी बसती, बसली की डोळा बसतो. मजूर क्रेट डोक्यावर घेऊन गाडीच्या मागं मागं चालतात. रिकामी गाडी पुढं, माल मागनं चालत. बायको म्हणती, मग गाडी घेतली कशाला? तिला काय सांगू?

भिंत वाल्मीकची. धाकटा भाऊ माझा. आणि भिंतीपलीकडं ओट्यावर आई बसलेली असती.

तुम्हाला म्हणून सांगतो, तसं सांगण्यासारखं काय नाय त्यात. वाटण्या झाल्या, सगळ्यांच्या होतात. आमचे चुलते, नाथाआबा, त्यांनी केल्या. विहीर सामाईक, मळा अर्धा अर्धा, आई वाल्मीककडं — तिची खोली त्याच्या बाजूला आली म्हणून. सगळं गोडीत झालं आणि शेवटी राहिला आईचा पाटा-वरवंटा. तो नाथाआबांनी तोडला. पाटा थोरल्याला, वरवंटा धाकट्याला. आम्ही म्हणलं, आबा, असं कुठं असतं का? तर म्हणले, असंच असतं, चटणी वाटायची म्हणलं की एकानं दुसऱ्याच्या दारात गेलंच पाहिजे, दोघांचं बोलणं बंद पडणार नाय. लय शहाणा माणूस. आठ दिवसांत दोन्ही घरांत मिक्सर आला. एकाच दुकानातनं, एकाच रंगाचा, आणि आबा दोन्हीकडं जाऊन मुकाट्यानं चहा पिऊन आले.

त्या मिक्सरच्या नादात पाटा पडला आमच्या मोरीत. कपडे आपटायला. आता बघा, लहानपणी त्याच पाट्यावर नुसता पाय लागला तर आई उलथण्यानं मारायची. बसायचं नाय, ओलांडायचं नाय, पाय लागला तर हात लावून पाया पडायचं. वाल्मीक एकदा त्याच्यावर उभा राहून शिंक्यातला लोण्याचा गोळा काढत होता, तर त्याला दिवसभर जेवायला दिलं नाय तिनं — म्हणजे दिलं नाय असं म्हणायचं, मी नेऊन दिली भाकरी गुपचूप. तेव्हा तो लय माझ्या मागं मागं असायचा.

भांडण कशावरनं म्हणता? वरवंट्यावरनं. आमच्या नातीचं, वेदिकाचं बारसं. बारशात काय लागतं, वरवंटा लागतो — त्याला टोपडं घालायचं, बाळासारखा नटवायचा, पाळण्याखालनं इकडनं तिकडं द्यायचा, मग पोरीला पाळण्यात घालायचं. वरवंटा वाल्मीककडं. मी माणूस पाठवलं. वाल्मीक म्हणला, दादानं स्वतः यावं, वरवंटा बी न्यावा आणि आईला बी न्यावं, तिला एकटीला कुणाच्या बी हाताशी देऊन पाठवणार नाय, तिचे गुडघे गेलेत. आता मला सांगा, मी थोरला, माझ्या घरी कार्य, मी कशाला त्याच्या दारात जाऊ? मी नाय गेलो. बायकोनं मिक्सरच्या भांड्याला टोपडं घातलं आणि ते दिलं पाळण्याखालनं. बाया हसल्या. एक म्हणली, झाकण लावा हो, बाळ सांडंल. मी बी हसलो. नंतर गोठ्यात जाऊन बसलो. नातीच्या बारशाला माझी आई नव्हती, मिस्तरी, शंभर पावलांवर होती आणि नव्हती. त्याच्या दुसऱ्याच महिन्यात त्यानं भिंत घातली.

पण भिंतीचं मला कधी काही वाटलं नाय, खोटं नाय बोलत. कारण ट्रॅक्टर होता ना. ट्रॅक्टरवर माणूस किती उंच बसतो. सकाळी मळ्यात निघालो की भिंतीवरनं सरळ ओटा दिसायचा. आई डाळ निवडत बसलेली असायची, आवाज आला की चष्मा वर करायची आणि हात करायची. मी काही थांबायचो नाय. गाडीवरनं जाताना नजर गेली तर ती गेली, उतरून बघितलं तर मग तो बघायला आला असं होतं — फरक हाय त्याच्यात. वाल्मीकला म्हणायला जागा ठेवली नाय मी. फक्त गिअर जरा खालचा टाकायचो.

आणि मग शेखरच्या नादानं ट्रॅक्टर दिला आणि ही पिकअप घेतली. पेढे घेतले, हार घातला, काच वर करून ऐटीत आलो. भिंतीपाशी हॉर्न दिला आणि मान फिरवली — तर नुसती भिंत. विटा. सिमेंट. मला वाटलं, एका रात्रीत भिंत वाढवली यानं. मग कळलं, भिंत तेवढीच हाय, मी खाली आलो.

तिला तर हा हॉर्न बी माहीत नाय. ती ट्रॅक्टरच्याच आवाजाची वाट बघत बसत असणार.

म्हणून काल निरोप आला तेव्हा मी उड्या मारायचा राहिलो. सरुबाई म्हणून बाई हाय, दोन्ही मळ्यांत कामाला येती, ती बांधावरनं ओरडून म्हणली — म्हातारीचा निरोप हाय, थोरल्याला म्हणाव पाटा टाक, म्हणजे दिसंल. बघा मिस्तरी. एवढे दिवस मी उश्या घेतोय, पाला खातोय, आणि त्या बाईनं ओट्यावर बसल्या बसल्या इलाज सांगितला. गाडी उंच करायला पाटा टाकतात हे मला बी माहीत नव्हतं, शेखरला माहीत नव्हतं. मला भरूनच आलं. म्हणलं, आपली आई अजून आपल्याकडं बघायला — म्हणून तर सकाळी सकाळी तुमच्या दारात आलो.

आं? तिला गाडीचं कुणी सांगितलं? सांगितलं असंल सरुबाईनंच. नाय, पाट्याचं कसं कळलं ते मला काय माहीत. आईला सगळं कळतं. अजून बी बोलली ती, सरुबाई, तोवर मी गाडीला चावी मारली होती, अर्धंमुर्धं ऐकलं. धुऊन टाक म्हणली, ते तर तुम्हाला सांगितलं. आणि काय ते — भिंतीला टेकवून टाक, हलणार नाय असा. आता भिंतीला टेकवून गाडीचा पाटा कसा टाकणार, ते मला बी कळलं नाय, म्हणलं, म्हातारं माणूस, बोललं काहीतरी. आणि म्हणली, साबण राहू देऊ नको त्याच्यावर, माझा पाय घस—

थांबा. जरा तो हातोडा थांबवा.

माझा पाय घसरंल, म्हणली.

साबण. आमच्या मोरीतला —

नाय मिस्तरी, मी बरा हाय. पाणी नको.

तिला उभं राहायचंय त्याच्यावर. भिंतीशी. पाट्यावर पाय देऊन. ज्या बाईनं आम्हाला कधी पाय लावू दिला नाय, ती — चार बोटं उंची असती हो पाट्याची, तेवढीच कमी पडत असंल तिला. तिच्या बाजूनं बी तेवढीच कमी पडती.

नेऊन द्या म्हणता, बरोबरच हाय तुमचं. तिच्याकडं पाटा न्यायचा म्हणजे फाटकातनं आत जावं लागणार. दुसऱ्याच्या हातानं नाय चालणार, थोरल्यानंच टाकायचा म्हणली. लय जड असतो तो, छातीशी धरूनच न्यावा लागतो. म्हणजे मी फाटक उघडणार, वाल्मीक समोर असणार, आई ओट्यावर असणार, मी जाऊन तो भिंतीशी ठेवणार, हलत तर नाय ना बघणार. आणि मग ती त्याच्यावर चढून भिंतीवरनं बघणार.

कुणाला बघणार, मिस्तरी? मी तर आत असणार.

गाडी खाली घ्या. नट आवळा तो. नाय, काही वाढवायचं नाय, काही टाकायचं नाय, आहे तशी द्या. मोरीपाशी घासायचा काथ्या असतो का, ते माहीत नाय, घरी बघतो. सरका जरा, मला निघू द्या.