अण्णांचा अंगठा आणि बॅटरीचं प्लास्टिक

अहो, आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, धारवाडला वकील. त्यांनी दुर्गदबैलच्या बाजारातून एक बॅटरी आणली. ती इतक्या जाड प्लास्टिकात सीलबंद होती, की सुरीने कापताना त्यांनी अंगठाच कापून घेतला. टाके पडले! दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेला अंगठा नाचवत, तसलंच दुसरं बंद पाकीट हातात घेऊन ते मला सोबत ओढत दुकानात गेले.

"याला जबाबदार कोण?"

दुकानदार हसला. "सुरी कशाला लावलीत, वकीलसाहेब? मागून ओढायचं. लहान पोरगंसुद्धा उघडतंय."

"मग तुम्ही उघडून दाखवा."

त्याने ओढलं, पिळलं, काउंटरवर आपटलं. शेवटी दात लावले आणि "अय्यो!" म्हणून ओरडला. प्लास्टिकची कड ओठात घुसली होती. रक्त बघून मी घाबरले. अण्णांनी मात्र स्वतःचा रुमाल त्याच्या ओठावर दाबला आणि अगदी मायेने विचारलं, "आता सांगा, जबाबदार कोण?"

रुमालातूनच आवाज आला, "कंपनी! हौद्री, होय साहेब, कंपनीच!"

"झालं तर. आजपासून तुम्ही आरोपी नाही, माझे अशील. चला, टाके घालणारा डॉक्टर ओळखीचा आहे."