चोपण वावराचा नमुना

‘चोपण’ म्हणजे पाण्याच्या अतिरेकाने बिघडलेली जमीन. ती ओली असताना चिकटते, वाळली की दगड होते आणि पाणी आत मुरू देत नाही. आमच्या सांगवीत हा शब्द दुसऱ्याच्या वावराबद्दल सर्रास वापरतात. स्वतःच्या वावराबद्दल मात्र कोणी उच्चारत नाही.

शेजारच्या तात्यांच्या खालच्या वावरात उसाची लागण दोनदा वाया गेली. तिसऱ्यांदा बेणे आणण्यापूर्वी माती तपासून घ्यावी, म्हणून मीच त्यांना बारामतीच्या प्रयोगशाळेत नेले. तिथल्या मॅडमनी पिशवी उघडली, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि हुंगली.

“तात्या, ही खालच्या वावरातलीच ना?”

“व्हय. लई कसदार हाय.”

“मग ऊस का उगवत नाही?”

“त्येच तर तुमाला इचारायला आलोय!”

“हिला शेणखताचा वास येतोय.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिले, मग छताकडे. “उकिरड्याजवळची हाय,” ते म्हणाले. “पाव्हण्यांम्होरं फाटकं धोतर नेसून जायचं व्हय?”

मॅडम हसल्या नाहीत. “डॉक्टरला शेजाऱ्याची नाडी दाखवून तुमचा ताप उतरेल का?”

दुसऱ्या दिवशी तात्यांनी खालची माती नेऊन दिली. अहवाल चोपणाचाच आला. त्यांनी चर खणून पाण्याचा निचरा केला, जिप्सम टाकले आणि मगच लागण केली.

गावात सांगतात, की तात्यांना मातीतले काही कळत नव्हते, म्हणून त्यांनी भलतीच पिशवी नेली. हे साफ चूक आहे. अख्ख्या शिवारातली सर्वोत्तम माती त्यांनी अचूक हेरून नेली होती.