यंत्रांच्या पाठचा गरम वारा

—बाहेर ओटीवरच बस, कोकिळाताई, सासूबाईंनी आत आत्ताच बाळ निजवलंय. पाणी पी, पण तुला परत कामावर घ्यायला साहेबांशी बोल म्हणून गळ घालू नकोस. मी काय बोलू? प्रणय साहेब यंत्रांच्या खोलीत शिरले तेव्हा लंगोट तुझ्या हातात, तान्हा नातू तुझ्या घरात — मग ते दुसरं काय समजणार? तू म्हणतेस, झाडायला गेले, यंत्राच्या मागच्या जाळीत खोचलेला दिसला, काढला. असंल. मी न्हाय म्हणत न्हाय. पण यंत्र तापून बंद पडलंच ना? तिकडं परदेशात ते बारीक कण एकमेकांवर आदळवतात, त्याची माहिती देशोदेशीच्या संगणकांत वाटून ठेवतात, त्यातली थोडी आपल्या संस्थेच्या खोलीत — एवढं जोखमीचं काम, नि त्यावर कुणी लंगोट वाळत घालतं? — रडू नकोस गं. साहेबच म्हणाले ना, गेलं काहीच न्हाय. सगळ्याची नक्कल दुसरीकडं हाय. इथलं यंत्र बंद पडलं की त्याचं काम आपोआप दुसऱ्या देशातलं यंत्र उचलतं. तुझंही तसंच झालं की — तुझी सकाळची पाळी मी उचलली. कुणाचं काय अडलं?

आणि जिनं घातला असंल, तिला तरी काय हौस होती? महिना झाला ऊन न्हाय, मिठागरावरनं ओला वारा, दोरीवरचं फडकं दोन दिवस दमटच. ओल्यात राहून पोराची छाती भरली, रात्रभर घुरघुर — आईनं करायचं काय? नि तिथं, यंत्रांच्या पाठी, काय कोरडा गरम वारा येतो! चहा पिऊन येईस्तोवर कापड खडखडीत. रोज सगळे लंगोट आठवणीनं काढायचे, त्या दिवशी पोराच्या तापाच्या काळजीत तेवढा एक राहिला नि—

बघतेस काय अशी?

व्हय. माझ्याच ऋत्विकचा. मग? जा, सांग साहेबांना. त्यांनी तुझ्यासमोरच मला विचारलं होतं ना — तुझा का गं? — तेव्हा न्हाय म्हटलं, उद्याही म्हणंन. नोकरी गेली की ह्याचं औषध बंद. तुझ्याकडं दोन कमावते पोरगे हायत, तुझं भागंल. न भागलं तरी मी काय करू?

ऊठ आता. संस्थेची गाडी यायची वेळ झाली. — न्हाय, तू नाक्यापर्यंत नको येऊस. लोक बघतात.