दोन बोटं माया

शिंप्याच्या दुकानात माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या.

“काका, कंबर दोन इंच कमीच धरा. ताईच्या लग्नापर्यंत मी बारीक होतेय.”

“कशी होणार, बाळ?”

“चार दिवस नुसत्या लिंबूपाण्यावर आहे.”

“आणि काल जिन्यात चक्कर येऊन पडलीस, तेही सांग काकांना.”

“पडले नाही गं आई, बसले.”

“आताही बस त्या स्टुलावर. डॉक्टरबाई काय म्हणाल्या?”

“वेळेवर जेव, रोज चाल, महिन्याला एखाददोन किलो पुष्कळ.”

“मग मी आजचंच माप लिहितो. बारीक झालीस की शिवण आत घेऊ. शिवाय आत दोन बोटं माया सोडतो.”

“जास्तीचं कापड कशाला, काका?”

“ताईच्या लग्नात जेवणार नाहीस?”

मुलगी आईकडे वळली.

“आई, पिशवीतल्या डब्यात काय आणलंयस?”