आष्टी रोडचं गवत

कमलाबाई : आनि मी सकाळपासून घरभर गाळनी शोधून राह्यली. चहा फडक्यानं गाळला, माहीत हाय?

हरिदास : हात नको लावू वो. करंट हाय तिच्यात.

कमलाबाई : गाळनीत करंट?

हरिदास : डास माराची बॅट खोलली न. तिचा एक तार गाळनीले, एक ह्या खिळ्याले. खाली फेविकॉल ओला पाह्यजे, वरून सुतळीचा चुरा चाळाचा. पाह्य, कसे उभे राह्यले तंतू. एक बी झोपत नाई.

कमलाबाई : आता रात्री डासांपायी आपुन बी झोपनार नाई. अहो, परवा टेम्पो येते. बोरगावचं हे घर रिकामं करून पुण्याले जाचं हाय, अश्वजितकडं, कायमचं. भांडे तसेच पडले हायत आनि तुमी गवत लावत बसले. थे बी दुसऱ्याले द्याच्या फळीवर.

हरिदास : देतो म्हटलं न शेजारच्या बंडूजीच्या नातवाले. पन अशी उघडीबोडकी कायले देऊ? पोरगा चौथीत होता तवा आनला हा खेळन्यातल्या गाड्यांचा ट्रॅक नागपूरहून, ह्या फळीवर ठोकला. खाचेतून गाड्या पळवे आनि म्हने, बाबा, बाजूले गवत पाह्यजे. मंग ड्युटी, मंग त्याचं कॉलेज, राहूनच गेलं.

कमलाबाई : आता त्याच पोराच्या घरी फळीले जागा नाई. आई, बाबाले थे फळी तेवढी आनू देऊ नको, म्हने फोनवर.

हरिदास : मले नाई म्हटलं त्यानं.

कमलाबाई : तुमाले म्हनाची हिंमत होत नाई मनून मले म्हनते. बंडूजी आताच येतीन ठेला घेऊन. आवरा... हा आष्टी रोड हाय काय?

हरिदास : वळखला?

कमलाबाई : हा पूल, हा बाभूळ. आर्वी सोडल्यावरचा चढ. वळखनार नाई तं काय, माहेरचा रस्ता हाय माझा.

हरिदास : जनम गेला ह्या रोडवर एसटी चालवन्यात. डोये बांधून चालवून दाखवीन.

कमलाबाई : डोये बांधूनच चालवली वाटते. हे गवत कोनाच्या बंगल्याचं हाय?

हरिदास : काऊन? मोबाइलवर थो गोरा मानूस असंच लावते.

कमलाबाई : त्याच्या गावाले तुमची गाडी गेलती काय? अहो, तुमी ह्या वावरात पऱ्हाटी लावली. बोंडं फुटले, पांढरा कापूस दिसून राह्यला. कापूस फुटला आनि धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, गवत असं हिरवंगार? असं कधी पाह्यलं तुमी?

हरिदास : मले तं असंच दिसे. हिरवा पट्टा, भर्रकन मांगं जाये.

कमलाबाई : तुमाले खिडकीतून दिसे. म्या उकिडवं बसून पाह्यलं. डांबराच्या कडंले हराळी, तेबी मातकट, टायरची धूळ खाल्लेली. मंग कुंदा, कमरेएवढा. त्याच्या मांगं धुऱ्यावर कुसळ. दिवाळी झाली का पिवळं पडे, लुगड्याले असं चिकटे का घरी येऊन दिवा लावून वेचत बसा.

हरिदास : मंग हळद टाकू काय ह्याच्यात?

कमलाबाई : हळदीनं नवरदेव होईन त्याचा. चहापत्ती उकळा, त्या पान्यात बुडवा. द्या थे सुतळी इकडं. आनि सारी एका मापाची नका कापू. गवत काय परेडले उभं राहते?

हरिदास : तुले भांडे बांधाचे होते न?

कमलाबाई : बांधते. कैची द्या.

हरिदास : पुलाच्या ह्या अंगाले बी लावू? जागा कोरी राह्यली.

कमलाबाई : कोरीच राहू द्या.

हरिदास : टक्कल दिसन वो.

कमलाबाई : टक्कलच होतं तिथं. माझा विळा चाले रोज, वाढूच नाई दिलं म्या. पेंढ्या बांधाच्या आनि ह्या दगडावर बसून गाडीची वाट पाहाची.

हरिदास : माझी वाट पाहे म्हन न.

कमलाबाई : गाडीची. तुमी मांगून झाले.

हरिदास : तिथं स्टॉप नोता. तरी थांबवो मी. कंडक्टर बोंबले, हरिदास, लेट होऊन राह्यलो.

कमलाबाई : आनि पेंढ्या टपावर चढवाले तुमी खुद उतरत. ड्रायवर उतरते काय कधी?

हरिदास : इंजिनाले जरा हवा लागू द्यावी लागे.

कमलाबाई : हवा कोनाले लागली थे साऱ्या आर्वीले माहीत होतं.

हरिदास : धुरा कोनाचा होता थो?

कमलाबाई : कोनाचा का असेना, आपला नोता. आपल्या मानसाजोळ वावर कुठं होतं तवा? मालक दिसला का पेंढी उचलाची, दुसऱ्याच्या धुऱ्यावर बसाचं. शिव्या देत काईजन. काईजन काई म्हनत नसत, पाठ करून उभे राहत, थे बरे वाटत.

हरिदास : मांगच्या साली लग्नाले गेलो तवा मी टॅक्सीवाल्याले म्हटलं, इथं थांबव जरा. पन इथं म्हंजे कुठं, थेच समजेना. रोड रुंद झाला. बाभूळ नाई, दगड नाई, धुरा सारा डांबराखाली.

कमलाबाई : मी बी पाहूनच राह्यली होती काचेतून. कधी आलं आनि कधी गेलं, समजलंच नाई. लय वाईट वाटलं मले. तुमाले बोलली नाई.

हरिदास : काऊन नाई बोलली?

कमलाबाई : आपल्या मालकीचं होतं काय, गेलं मनून रडाले?

(बाहेर भाजीचा ठेला थांबतो. शेजारचे बंडूजी चप्पल दारात काढून आत येतात. ठेल्यावर आज भाजी नाही, फळीपुरती जागा झाडून ठेवली आहे.)

बंडूजी : राम राम हरिदासभाऊ. चाला, उचला माल. नातू घरी दारातच उभा हाय. अरे बाप्पा, हे काय उगवलं? जनमभर वावरात म्या जे कंबर मोडेस्तोवर उपटलं थे तुमी फेविकॉलनं लावून राह्यले?

हरिदास : ओलं हाय अजून. सकाळी न्या.

बंडूजी : सकाळी मंडी असते न आपली. आडवी धरू, हळूहळू नेऊ. वहिनी, तिकडची बाजू धरा.

कमलाबाई : बसा बंडूजी. चहा ठेवते.

बंडूजी : गाळनी तं हे पाहा, कामाले लागली.

कमलाबाई : बंडूजी, फळी नाई देता येनार.

बंडूजी : वाळली का नेतो मंग, परवाच्या आत.

कमलाबाई : वाळली तरी नाई. शब्द देऊन फिरवला, माफ करा. पोराले दुसरं काई देईन म्या.

बंडूजी : मले काय राग येनार हाय? पोट्टं दोन दिवस फुगून बसन, मंग इसरन. पन तुमी तं हे घर सोडून चालले, फळी ठेवता कुठं?

हरिदास : थेच म्हनतो मी. कमल, तिकडं जागा नाई, तूच म्हटलं न आता.

कमलाबाई : पुण्याले माझा दिवान न्याचा होता, त्याच्या जागी फळी नेऊ. फळी तेवढीच लांब हाय, म्या केव्हाची नजरेनं मोजली. बंडूजी, दिवान न्या तुमी. ठेला रिकामा कशाले परत जाते?

हरिदास : आनि तू निजशीन कुठं? गुडघे दुखते तुये.

कमलाबाई : खाली गादी टाकीन. फळीच्या बाजूले.

हरिदास : अश्वजित इचारन न मले. एवढं काय हाय म्हनन त्या फळीवर. काय सांगू त्याले?

कमलाबाई : सांगा, आईचं वावर हाय म्हना.