वलांडीवरचे टॉवेल

अर्नाळ्याला रिसॉर्टवर जायचं म्हणताय? माझ्यासमोर नाव काढू नका, अजून डोकं तापतं माझं.

गेल्या थंडीत मावशीकडे गेलो होतो. तिच्या घरासमोर, वाळूत, बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या आहेत, पार तिच्या सासूच्या सासूपासूनच्या. शेजारी नवीन रिसॉर्ट झालंय. त्यांनी आधी सुरूची झाडं तोडली, मग होड्या लावायची जागा खाल्ली, तरी मावशी गप्पच होती. त्या दिवशी सकाळी आम्ही टोपली घेऊन गेलो, तर आमच्या वलांडीवर त्यांचे पांढरेशुभ्र टॉवेल!

आणि तिथला मॅनेजर वर आम्हालाच सांगतो, "मावशी, आजपासून मासे मागच्या बाजूला वाळवा. गेस्टना वास येतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या अंगावर धावणार, तेवढ्यात मावशीने माझा दंड धरला. "तू टोपली धर," म्हणाली.

तिने एकाही टॉवेलला हात लावला नाही. दोन-दोन ओले बोंबील घ्यायचे, जबड्यात जबडा अडकवायचा आणि जोडी थेट टॉवेलवर टांगायची. अशी ओळच लावली तिने.

मॅनेजर किंचाळला, "अहो, काय करताय? टॉवेलना वास लागेल!"

मावशीने वळूनसुद्धा बघितलं नाही. पुढची जोडी अडकवत म्हणाली, "मंग टावेल मागच्या बाजूला वाळव. माझ्या बोंबलांना साबनाचा वास लागतो."